आजारी कोंबडी: शुश्रूषा कधी, फोन कधी

दिल्लीत पाऊस स्थिरावला, की ऑगस्टपासून परसातल्या कोंबड्यांच्या तुऱ्यावर मोहरीएवढे फोड दिसायला लागतात. आधी फिकट, मग पिवळट, आणि पुढे त्यांच्या काळपट खपल्या होतात. नोएडाच्या सेक्टरांमध्ये उरलेली जुनी गावं, नजफगढकडच्या वस्त्या, गुरुग्रामपलीकडची फार्महाउसं, इथे अजून पाच-दहा कोंबड्या पाळणारी घरं आहेत. बदलीच्या निमित्तानं इकडे आलेल्या आणि तळमजल्याला थोडं अंगण मिळाल्यावर हौसेनं गावरान कोंबड्या ठेवणाऱ्या मराठी कुटुंबांचाही पावसाळ्यात हाच प्रश्न असतो: कोंबडीच्या तोंडावर काहीतरी उठलंय, काय करू?

त्यांना आधी उलट विचारावं लागतं. एकच आजारी आहे की अनेक? कधीपासून? आसपास कावळे, कबुतरं, बदकं मेलेली दिसली का? विषाणूच्या आजारात औषधाचा विचार नंतरचा. या कोंबडीची शुश्रूषा करायची, की तिच्यापासून लांब राहून सरकारी पशुवैद्याला कळवायचं, हे आधी ठरवावं लागतं. परसात मुख्यतः तीन विषाणूंशी गाठ पडते: देवी, मानमोडी म्हणजेच राणीखेत, आणि बर्ड फ्लू. पहिल्यात बहुतेक कोंबड्या सेवेनं उठतात. दुसऱ्यात थोड्याच उठतात. तिसऱ्यात सेवा करायला जाणं म्हणजे घरच्यांचा जीव धोक्यात घालणं.

या तिन्हींवर विषाणूच मारेल असं औषध परसातल्या कोंबडीसाठी नाही. तरीही लोक दुकानातून अँटिबायोटिकची पुडी आणतात आणि पाण्यात कालवतात, कारण आपण काहीतरी केलं याचं समाधान हवं असतं. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूवर नाही. देवीच्या जखमेत किंवा मानमोडीनं खचलेल्या फुप्फुसात मागाहून जिवाणू शिरले, तर पशुवैद्य ते देतात, आणि मग त्या कोंबडीची अंडी किती दिवस खायची नाहीत हेही सांगतात. २०१४ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेनं दिल्ली आणि परिसरातून चिकनचे ७० नमुने तपासले, तेव्हा त्यांतल्या ४० टक्के नमुन्यांत अँटिबायोटिकचे अंश सापडले होते. असलं मांस, असली अंडी नकोत म्हणून तर माणूस घरी कोंबडी पाळतो. तिलाच अंदाजानं पुड्या पाजणं मला अजिबात पटत नाही.

आता देवी. हा विषाणू मुख्यतः डासांमार्फत पसरतो, शिवाय चोची मारल्यानं झालेल्या ओरखड्यांतून शिरतो. दिल्लीत कूलरच्या टाकीत, टायरांत, कुंड्यांखालच्या ताटल्यांत साचलेलं पाणी डेंगीच्या काळात सगळ्यांनाच धास्ती घालतं. तुमच्या कोंबडीच्या देवीचा उगमही बहुधा अशाच पाण्यात असतो. गुरुग्रामला शीतला मातेचं मोठं मंदिर आहे, आणि इकडच्या गावांतल्या म्हाताऱ्या बायका कोंबडीला फोड आले तरी श्रद्धेनं मातेलाच हात जोडतात. पण माणसाची देवी आणि कोंबडीची देवी हे दोन वेगळे विषाणू आहेत. कोंबडीची देवी माणसाला होत नाही, म्हणून तिला हात लावायला भिऊ नये.

या आजाराची दोन रूपं आहेत. कोरड्या रूपात फोड तुऱ्यावर, गलोलांवर, चोचीच्या कडेला, पापण्यांवर येतात. ओल्या रूपात तोंडात आणि घशात पिवळट जाड थर धरतो. कोरड्या देवीत फोडांपेक्षा भूक जास्त मारते. पापणीवर फोड आला की डोळा खपलीनं चिकटून बसतो, आणि कोंबडी तर डोळ्यांनी पाहून दाणा टिपणारा पक्षी. दोन्ही डोळे मिटले, की समोर भांडं भरलेलं असूनही ती उपाशी राहते. देवीनं मेली म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कित्येक कोंबड्या खरं तर उपासमारीनं मेलेल्या असतात.

म्हणून डोळा उघडा ठेवणं हे पहिलं काम. दिवेलागणीनंतर कोंबडी शांत असते, तेव्हा जुन्या टॉवेलात पंख गुंडाळून तिला मांडीवर घ्यावं. पेलाभर पाणी उकळून कोमट करावं, त्यात पाव चमचा मीठ विरघळवावं. कापसाचा बोळा त्यात भिजवून मिटलेल्या डोळ्यावर दोन-तीन मिनिटं नुसता धरावा. चोळायचं नाही, ओढायचं नाही. खपली मऊ झाली की पापणी आपोआप सैल होते. आत बहुतेक वेळा पिवळा घट्ट स्राव साचलेला असतो. तो कडेनं टिपून घ्यावा. एका डोळ्याचा बोळा दुसऱ्या डोळ्याला लावू नये. मग पशुवैद्यानं दिलेलं डोळ्याचं मलम. दिवसातून दोनदा हे केलं, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती मान तिरकी करून उघड्या डोळ्यानं दाण्याकडे बघायला लागते.

तुऱ्यावरच्या खपल्यांना पाण्यात पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन लावावं, ते डोळ्यांत जाऊ देऊ नये. खपल्या उपटायचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा. उपटली की रक्त येतं, रक्ताकडे बाकीच्या कोंबड्या चोच मारायला धावतात, आणि वाळलेल्या खपलीत हा विषाणू महिनोन्महिने टिकून राहतो. आपोआप गळलेल्या खपल्या मात्र झाडून जाळून टाकाव्यात. तोंडातला थर घरी खरवडू नये. त्यानं श्वासनलिकेचं तोंड अडलं तर कोंबडी गुदमरते, म्हणून चोच उघडी टाकून घरघर करणारी कोंबडी त्याच दिवशी दवाखान्यात न्यावी. एरवी दोन ते चार आठवड्यांत देवी ओसरते, आणि उठलेल्या कोंबडीला पुन्हा सहसा होत नाही. ज्या कोंबड्यांना अजून फोड आलेले नाहीत, त्यांना साथ चालू असतानाही देवीची लस टोचता येते. पंखाच्या पातळ पडद्यात दोन टोकांच्या सुईनं ती देतात. आठवड्या-दहा दिवसांनी त्या जागी गाठ किंवा खपली दिसली, तर लस लागली असं समजायचं.

शुश्रूषेच्या काही गोष्टी मात्र, बर्ड फ्लूचा संशय सोडला तर, कुठल्याही आजाराला लागू आहेत. आजारी कोंबडी वेगळी ठेवायची, पण एकटं पडल्यानंही ती खाणं सोडते, म्हणून शक्य असेल तर तिला बाकीच्यांचा आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावर ठेवावं. आधी निरोगी कोंबड्यांचं दाणापाणी, शेवटी आजारी कोंबडीचं. उलट क्रमानं केलं तर आपले हात आणि चपलाच आजार फिरवतात. तिच्याकडे जाताना वेगळ्या चपला आणि परतल्यावर साबणानं हात, एवढं तरी पाळावंच.

कोंबडीच्या शरीराचं तापमान साधारण ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असतं. न खाणाऱ्या कोंबडीला एवढी ऊब स्वतःहून टिकवता येत नाही, आणि दिल्लीत जानेवारीच्या रात्री पारा चार-पाच अंशांवर येतो. खोक्याच्या एका टोकाला साठ वॅटचा बल्ब टांगावा आणि दुसरं टोक थंड राहू द्यावं, म्हणजे तिला हवं तिथे सरकता येईल. बल्ब पेंढ्यापासून आणि पुठ्ठ्यापासून लांब असावा. खुराड्यांना आगी अशानंच लागतात. मे-जूनमध्ये उलटी गत असते. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकूनच अंग निववते. लू वाहत असताना पत्र्याखाली ठेवलेली आजारी कोंबडी विषाणूच्या आधी उन्हानं मरते. खुराड्यावर ओलं गोणपाट टाकावं आणि पाण्याचं भांडं दिवसातून तीन-चारदा बदलावं.

धडधाकट कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. आजारी कोंबडी दोन दिवस खाल्ल्याशिवाय काढेल, पाण्याशिवाय नाही. माणसांचं ओआरएस चालतं, गूळ-मिठाचं पाणीही चालतं. ते चोच उघडून घशात ओतू नये: श्वासनलिकेचं भोक जिभेच्या मुळाशीच असतं आणि पाणी सरळ फुप्फुसात उतरतं. चोचीच्या कडेला एकेक थेंब सोडावा, तिला तो गिळू द्यावा, मग पुढचा. खायला मऊ भात, भिजवलेली भरड, उकडलेल्या अंड्याचा कुस्करलेला बलक. कोंबडीलाच अंडं कसं घालायचं म्हणून लोक कचरतात, पण अशक्त कोंबडीला सहज पचणारं, ताकद देणारं याहून चांगलं घरात दुसरं काही नसतं. रोज सकाळी तिला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलावं आणि छातीचं हाड हातानं चाचपावं. हाड धारदार लागायला लागलं, तर ती खाते असं दिसत असलं तरी तिच्या पोटात पुरेसं जात नाही. हिरवीगार शीटही बऱ्याचदा हेच सांगते, कारण अन्न नसलं की निव्वळ पित्त बाहेर पडतं.

हिरवी हगवण मानमोडीतही असते, आणि इथून गोष्ट अवघड होते. मानमोडीत कोंबडी आधी मरगळते, चोच उघडी टाकून श्वास घेते, अंडी मऊ कवचाची किंवा वेडीवाकडी घालते. मग पंख लोंबतात, पाय लुळे पडतात आणि मान पिळवटून पाठीकडे वळते. लस न टोचलेल्या खुराड्यात ही साथ शिरली, तर दहातल्या नऊ जातील इतकी ती वाईट असू शकते. १९२६ मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला हा आजार नोंदला गेला. त्यानंतर लवकरच तो कुमाऊँच्या डोंगरांतल्या राणीखेतला आढळला आणि भारतात ते नाव त्याला चिकटलं. त्याच डोंगरांत, मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत, १९४० च्या दशकात कोंबडीच्या गर्भात पुनःपुन्हा वाढवून हा विषाणू सौम्य करण्यात आला आणि त्यापासून लस तयार झाली. ती लस आजही आर-टू-बी या नावानं आठ आठवड्यांवरच्या कोंबड्यांना टोचतात. मराठी वाचकाला हेही माहीत असावं, की मुक्तेश्वरच्या त्या संस्थेची सुरुवात १८८९ मध्ये पुण्यात झाली होती. चार वर्षांनी ती डोंगरात हलली, आणि आज भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था म्हणून तिचं मुख्य ठाणं बरेलीजवळ इज्जतनगरला आहे.

मानमोडीतून वाचलेल्या कोंबडीची मान अनेकदा वाकडीच राहते. ती दाण्यावर नेम धरते आणि चोच भलतीकडेच पडते. अशा कोंबडीला खोल भांड्यात ओली भरड द्यावी, म्हणजे चोच कुठेही पडली तरी घास लागतो. सुरुवातीला मानेखाली हात देऊन भरवावं लागतं. बी-कॉम्प्लेक्स आणि ई जीवनसत्त्व पशुवैद्य देतात, त्यानं आधार मिळतो, पण मज्जातंतूंना झालेली इजा त्यानं भरून येत नाही. काही कोंबड्या कित्येक आठवड्यांनी पुष्कळशा सावरतात. मात्र बऱ्या दिसणाऱ्या कोंबडीच्या शिटेतून काही काळ विषाणू बाहेर पडत राहतो, म्हणून तिला घाईनं कळपात सोडू नये. तिची शुश्रूषा करणाऱ्याचे डोळे चार-पाच दिवस लाल होऊ शकतात. याहून जास्त इजा हा विषाणू माणसाला सहसा करत नाही. दोन-तीन दिवस पाणीही न गिळणाऱ्या, पाय पूर्ण लुळे पडलेल्या कोंबडीला पशुवैद्याकडून शांत मरण देववणं ही माझ्या मते सेवाच आहे.

दिल्लीत मानमोडीचा एक वेगळाच रस्ता आहे, आणि तो बाल्कनीतून जातो. लाल किल्ल्यासमोरच्या दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचं जुनं धर्मादाय रुग्णालय आहे. तिथे येणाऱ्या रुग्णांत सर्वांत जास्त कबुतरं. शहरात कुठेही मान पिळवटलेलं, जागच्या जागी गरगर फिरणारं कबूतर दिसलं, तर राणीखेतच्याच विषाणूचा कबुतरांत रुळलेला प्रकार त्याला झालेला असू शकतो. १९८४ मध्ये ब्रिटनमधल्या कोंबड्यांत ही साथ पसरली, तेव्हा तिचा माग लिव्हरपूलच्या गोदीत लागला होता. तिथे साठवलेल्या खाद्यावर आजारी कबुतरांची विष्ठा पडली होती आणि तेच खाद्य कोंबड्यांपर्यंत पोचलं होतं. चौकाचौकांत कबुतरांना पोत्यानं दाणे टाकणाऱ्या दिल्लीत ज्यांनी कोंबड्या पाळल्या आहेत, त्यांनी खाद्याचं पोतं झाकणाच्या डब्यात ठेवावं, आणि खुराड्याला कबूतर शिरणार नाही इतकी बारीक जाळी लावावी.

तिसरा विषाणू म्हणजे बर्ड फ्लू, आणि इथे शुश्रूषा थांबते. तुरा आणि गलोल निळे-जांभळे पडणं, डोकं सुजणं, पायाच्या नळ्यांवर रक्ताचे डाग, किंवा काहीच लक्षण न दाखवता सकाळी दोन-तीन कोंबड्या मेलेल्या सापडणं. जोराची मानमोडीही जवळजवळ अशीच दिसते, आणि दोहोंतला फरक प्रयोगशाळेशिवाय कुणालाही सांगता येत नाही. आपल्या नवापूरचा अनुभव हाच आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला २००६ च्या सुरुवातीला कोंबड्या मरू लागल्या, तेव्हा ती राणीखेतची मर आहे असंच आधी समजलं गेलं. १८ फेब्रुवारीला भोपाळच्या प्रयोगशाळेचा निर्वाळा जाहीर झाला: एच५एन१. भारतातली बर्ड फ्लूची ती पहिली साथ. दोन वर्षांनी पश्चिम बंगालमध्ये तो गावोगावच्या परसांत शिरला आणि सुमारे ४० लाख पक्षी मारावे लागले. लोकांनी कोंबड्या घरांत लपवल्या आणि साथ आवरणं आणखी कठीण झालं.

जानेवारी २०२१ मध्ये बर्ड फ्लू दिल्लीतही दिसला. मयूर विहारच्या बागेत कावळे, संजय तलावावर बदकं मरून पडली, भोपाळला पाठवलेले नमुने बाधित निघाले आणि गाझीपूरची कोंबडी मंडई काही दिवस बंद ठेवावी लागली. त्याच वर्षी जुलैमध्ये हरियाणातल्या एका लहान मुलाचा एच५एन१ मुळे दिल्लीच्या एम्समध्ये मृत्यू झाला. भारतात या विषाणूनं माणूस दगावल्याची ती पहिली नोंद. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयातले चित्रबलाक याच विषाणूनं मेले आणि संग्रहालय बंद करावं लागलं. हे सगळं मुद्दाम सांगतोय, कारण ‘आमच्या अंगणातल्या चार कोंबड्यांना कुठला बर्ड फ्लू’ असं म्हणणारी भली माणसं अजून भेटतात.

तेव्हा एक-दोन दिवसांत एकाहून जास्त कोंबड्या अचानक मेल्या, किंवा जवळपास कावळे-बदकं मेलेली दिसली, तर आजारी कोंबडीला मांडीवर घेऊ नये. मेलेली कोंबडी सोलू नये, उघड्या नाल्यात टाकू नये, शेजारच्या कुत्र्यालाही घालू नये. मुलांना लांब ठेवावं, नाकातोंडाला मास्क आणि हातात मोजे असल्याशिवाय खुराड्याजवळ जाऊ नये, आणि ताबडतोब जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावं. उत्तर प्रदेशात, म्हणजे नोएडा-गाझियाबादला, आणि महाराष्ट्रात १९६२ हा पशुसेवेचा फोन नंबर आहे. २००९ च्या कायद्यानं असा आजार कळवणं मालकाला बंधनकारक केलं आहे. नमुना बाधित निघाला तर साथीच्या जागेभोवती एक किलोमीटरच्या आत पाळीव पक्षी मारले जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत नजर ठेवली जाते. भरपाई मारलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणून उशिरा कळवणाऱ्याचं पैशाचंही नुकसान होतं. संशय नसलेल्या घरात अंडी-मांस नीट शिजवून खायला हरकत नाही, ७० अंशांवर हा विषाणू टिकत नाही.

बर्ड फ्लूची लस परसातल्या कोंबडीला मिळत नाही. मानमोडीची आणि देवीची मिळते, स्वस्त आहे, आणि तरी परसातल्या बहुतेक कोंबड्या लसीवाचून राहतात. कारण साधं आहे. लसीची कुपी शंभर, दोनशे, पाचशे मात्रांची असते, ती थंड ठेवावी लागते, आणि एकदा विरघळवली की दोनेक तासांत संपवावी लागते. सहा कोंबड्यांची मालकीण ती कशाला घेईल? यावर मला एकच उपाय चाललेला दिसला आहे: गल्लीतल्या सगळ्या घरांनी एक सकाळ ठरवायची, कुपी मिळून आणायची, बर्फाच्या थर्मासात ठेवायची आणि पशुवैद्याला एकदाच बोलवायचं. पिल्लांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकपुडीत मानमोडीच्या लासोटा लसीचा थेंब, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा तोच, सहा आठवड्यांनंतर देवीची लस आणि आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी, असा साधारण क्रम असतो. आजारी कोंबडीला लस टोचू नये. आणि बाजारात मुलांसाठी विकायला येणारी रंगवलेली पिल्लं घरच्या कळपात सोडू नयेत. त्यांना कुठली लस मिळाली, ती कुठून आली, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

हिवाळा लागला की ओखला, सूरजपूर आणि सुलतानपूरच्या पाण्यावर उत्तरेकडून बदकं आणि हंस उतरू लागतात. त्याआधी, सप्टेंबरातच, शेजाऱ्यांना जमवून लस टोचून घ्या, कोंबड्यांचं पाणी छपराखाली आणा आणि पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर आजच फोनमध्ये घालून ठेवा.